जोड

पतसंस्थेचा फोन लागला की
आधी एक बाई सांगते, आपला कॉल महत्त्वाचा आहे,
आणि मग बत्तीस सेकंद मी.

म्हणजे माझी चाल. नाव कुठे नाही.
तीन हजार ठरले होते, अडीच मिळाले,
पाचशे उपळेकर साहेब पुढच्या कामात धरून देणार आहेत.
त्यांना हवं होतं प्रसन्न, पण झोप न आणणारं,
भक्तीचं चालेल, पण आरती वाटू नये,
आणि ठेवीदार वयस्क आहेत, ढोल नको.

धनकवडीतल्या खोलीत, दाराला रजई टांगून,
कात्रजची शेवटची बस गेल्यावर मी बसलो.
कीबोर्डचा वरचा नी एकदा दाबला की उठत नाही,
म्हणून चालीत नी नाही.
कुणी विचारलं तर रागाचं नाव तयार ठेवलं होतं.
कुणी विचारलं नाही.

त्याच्या आधी
कर्वे रोडच्या स्टुडिओत रसाळांना भेटलो होतो.
आत कुठल्याशा मसाल्याची जाहिरात चालली होती.
काचेपलीकडून त्यांनी एक बोट वर केलं, थांब.
मी चपला हातात घेऊन तासभर ते बोट पाळलं.
बाहेर येऊन म्हणाले, वाजवतोस काय?
म्हटलं, चाली करतो.
ते सगळेच करतात. केबल गुंडाळता येते?

तेव्हापासून शनिवार-रविवार केबल गुंडाळतो,
आठाच्या आकड्यात, पीळ पडू न देता.
हाच रस्ता असेल, तर तो फार लांब जात नाही,
फिरून तळहातातच येतो.

अण्णांना यातलं काही सांगितलं नव्हतं.
मार्केट यार्डात डाळिंबाच्या गाळ्यावर त्यांची चाळीस वर्षं,
पहाटेपासून लिलावाचा पुकारा,
दुपारी घसा गरम पाण्यावर.
माझ्या कामाला ते ‘तुझं ते’ म्हणतात.
आईनंच एकदा सांगून टाकलं,
पतसंस्थेला फोन लावा, पोराचं ऐकू येतं.

परवा डबा घेऊन गेलो
तर क्रेटवर बसलेले, मोबाइल कानाला,
नजर काट्यावर,
आणि काट्यावर काहीच नाही.
पलीकडून कुणी ‘बोला सर’ म्हणालं असावं.
अण्णा म्हणाले, काही नाही, चुकून लागला.
आणि परत लावला.
यल्लप्पा हमाल पोत्यामागून हसला,
रोज अकराला चुकतोय म्हणे.

मला पाहिल्यावर फोन खिशात गेला, डबा उघडला.
अर्धी भाकरी झाल्यावर, मान वर न करता,

संपतं आणि पुन्हा सुरू होतं ना, तिथं अडखळतंय.
अंधारात एक पायरी जास्त धरल्यासारखं.
एकदा ऐकणाऱ्याला कळायचं नाही.
मी ऐकलंय पुष्कळ.

मी म्हणालो, तिथं जोड आहे.

मग जोड दिसू नये.
पेटीत वरचा थर देखणा लावला
की खालचं डाळिंब कोण बघतंय?
पाण्याचा घोट घेतला.
तसं नको करू पण तू. खालपर्यंत चांगलं भर.

रात्री फाइल उघडली.
फट होती. पाव सेकंदही नाही,
रसाळांच्या मोठ्या स्पीकरवर मला न सापडलेली,
गाळ्याच्या गोंगाटात, तडा गेलेल्या मोबाइलवर
त्यांना सापडलेली.
शेवटचा सा थोडा लांबवला,
त्याच्या सावलीत पहिला सा आणून ठेवला.
चार वाजले. अण्णांची गाडी खाली सुरू झाली.

उपळेकर साहेबांना नवी फाइल पाठवली.
उत्तर आलं, आधीचं चालू आहे, कुणाची तक्रार नाही.

अण्णांना सांगितलं.
बघतो, म्हणाले.
उद्या अकरा वाजता ‘बोला सर’ म्हटल्यावर
त्यांना पहिल्यांदाच काम असणार आहे.