बुडवून ठेवलेली होडी

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी लिफ्ट बंद केली.
चारच गिऱ्हाईकं होती: दोन भाऊ, त्यांची आई,
आणि एक जर्मन, ज्याचं आपलं
अजून एकदा, अजून एकदा.
बर्फ साखरेसारखा रवाळ झालेला,
खाली गाड्यांपाशी चिखल.
तांबडं बटण दाबलं. तारेवरचे रिकामे दांडे
जरा झुलले आणि राहिले.

तौनोने बर्फ दाबायचं यंत्र शेडमध्ये घातलं,
किल्ली खिळ्याला अडकवली,
आणि दर वर्षीसारखं विचारलं,
"आता सहा महिने काय करायचं?"
दर वर्षी मी उत्तर देत नाही.
या वर्षी म्हटलं, "होडी काढू."

होडी घरामागे पालथी पडून होती,
पाठीवर हिवाळाभराचं ओझं,
हाक मारल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवल्यासारखी.
उलटी केली तर आत उंदराचं घरटं,
माझ्याच हरवलेल्या हातमोज्याच्या लोकरीचं.
फळ्या आकसलेल्या, फटींतून उजेड.
तौनोने एका फटीला डोळा लावला.
"ही बुडणार."
"बुडायलाच हवी," मी म्हटलं.

तळ्यावरचा बर्फ मेच्या अखेरीस गेला,
एका रात्रीत, वाऱ्याबरोबर,
निरोपबिरोप काही नाही.

लाकडी होडीचं असं असतं,
वाळली की गळते.
म्हणून काठाशी, मांडीभर पाण्यात,
दगड भरून तिला बुडवून ठेवायची
तीन दिवस.
फळ्या पाणी पितात, फुगतात,
एकमेकींना बिलगतात.
तोवर आपण काठावर बसायचं,
आपल्याच होडीवरून जाणारे मासे बघत.
तौनो दिवसातून दोनदा येऊन जायचा,
दवाखान्यात कुणाला भेटायला यावं तसा,
टोपी हातात घेऊन.

चौथ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं,
थर्मास ठेवला, निघालो.

पाण्याला उतार नसतो.
हे कळायला मला दर उन्हाळ्यात दोन दिवस लागतात.
हिवाळाभर निम्मं काम डोंगर करतो,
आपण गुडघे वाकवायचे
आणि भ्यायलो हे दिसू द्यायचं नाही.
इथे हात थांबला की सगळं थांबतं.
खांदे कुरकुरतात. तळहाताला फोड येतो, फुटतो.
आणि मग केव्हातरी
वल्ह्याच्या टोकावरून थेंब पडतात
त्यांचाच काय तो आवाज.

तौनोने वल्ही मागून घेतली.
वल्हवणारा मागे बघत पुढे जातो,
त्यामुळे त्याला सगळं दिसलं.
अठ्ठावीस हिवाळे या माणसाने
रात्र रात्र डोंगर विंचरला होता.
सकाळी त्या फणीच्या रेघा,
पहिला माणूस घसरत येईपर्यंत
एकट्या त्याच्या मालकीच्या.
"रेघ राहत नाही," तो म्हणाला.
"पाणी आहे, तौनो."
"हो. पण राहत नाही."
पुन्हा ओढलं. पुन्हा बघितलं.
पाणी दुभंगलं, आणि मिटलं.
दहाव्या-बाराव्या वेळी
त्याने मुद्दाम एक वल्हं जोरात मारलं
आणि होडी गिरकी घेऊन जिथल्या तिथे आली.
त्याचे दात मी प्रथमच पाहिले. दोन नाहीत.

रात्रीचे अकरा. ऊन अजून कपाळावर.
वर आमचा उतार हिरवा, ओळखू न येणारा,
फक्त तिसऱ्या खांबाजवळ एक पांढरा तुकडा,
चादरीएवढा.
मार्चमध्ये मी तिथेच आपटले होते,
गुडघा अजून ओळख देतो.
"त्याला जुलै उजाडेल," तौनो म्हणाला,
जसं ते अजून त्याच्याच ताब्यात आहे.
त्या तुकड्याखालून ओहोळ निघतो
आणि इथे, आमच्या डाव्या हाताला, तळ्यात पडतो.
एका फटीतून थोडं पाणी आत येतच होतं.
मी डब्याने बाहेर टाकत होते. थंडगार.

मग डास आले.
काठाला लागलो, दोरी घेऊन मी उतरले.
तो बसूनच.
"अजून एकदा," म्हणाला,
त्या जर्मनासारखा.