समोरची नळी

आधी दूध रात्रभर पसरट परातींत पडून राहायचं.
साय आपल्या मनाने वर यायची,
तिला घाई नव्हती, आम्हालाही नव्हती.
उन्हाळ्यात ती वर येण्याआधीच दूध आंबायचं
आणि आई काही न बोलता ते डुकरांपुढे ओतायची.

मग वडिलांनी स्टॉकहोमहून यंत्र आणलं,
एका गाईच्या किमतीला.
म्हणाले, ही गाय चारा खात नाही.
आई म्हणाली, दूधही देत नाही.

दांडा फिरवायचं काम माझं.
दांड्यात एक घंटी होती,
वेग अपुरा असेतो ती वाजत राहायची,
पुरला की गप्प.
मी आठ वर्षांची. वाटायचं,
मोठं होणं असंच असणार:
गप्प होईपर्यंत फिरवत राहायचं.

दोन तोट्या होत्या.
एकीतून करंगळीएवढी पिवळसर धार,
दुसरीतून निळसर पाणचट दूध, वासरांच्या वाट्याचं.
सिक्स्टेन म्हणायचा, जड असतं ते भिंतीकडे पळतं,
हलकं मधोमध उरतं.
मग चर्चमध्ये जमीनदार भिंतीशी का बसत नाही?
तो इतका हसला की घंटी पुन्हा वाजू लागली.

रोज बावीस तबकड्या धुवायच्या,
आकडे बघून तारेत ओवायच्या.
एक जरी मागेपुढे झाली
तरी यंत्राला हुडहुडी भरायची.

सायीचे कॅन घेऊन आम्ही तळं ओलांडायचो,
तो वल्ह्यांवर, मी मागच्या फळीवर.
एकोणीसशे पाचच्या वसंतात तो मिनेसोटाला गेला.
दुसऱ्या दिवशी वल्ही माझ्या हातात होती
आणि मागची फळी रिकामी,
नाव नाकाने पाणी हुंगत चाललेली.
मी काठाला परतले,
एक कॅन तळ्याच्या पाण्याने भरला,
त्याच्या वजनाइतका नाही, जमेल तितका,
आणि मागच्या फळीवर बसवला.
नाव सरळ झाली.
कुणी विचारलं तर सांगायचे, गुरांसाठी आहे.

त्याची पहिल्या वर्षी तीन पत्रं आली.
नंतर नाताळला एक.
नंतर नाताळ आला.

उप्साला गावी मला काम मिळालं ते काचा धुण्याचं.
तळघरात एक यंत्र होतं, तेलावर फिरणारं,
त्याच्या पोटात पोलादी चकती,
चकतीत नखाएवढी खिडकी,
खिडकीत घोड्याच्या रक्तातला लाल रंग.
मिनिटाला चाळीस हजार फेरे.
साहेब लोक म्हणायचे, रेणू खाली बसताना दिसतो.
मला दिसायची फक्त एक रेघ,
दर फोटोत काकणभर सरकलेली.
सायीचीच गोष्ट, मी म्हणाले,
फक्त घंटी नाही.

मार्चमध्ये एक चकती फुटली.
जाड भिंतीपलीकडून आवाज आला तो एकच,
दार आपटल्यासारखा.
आत गेलो तर पोलाद लाकडी ओंडक्यात रुतलेलं,
गरम, कडेला निळं पडलेलं.
यंत्रकार तुरेसन तो तुकडा रुमालात घेऊन
बराच वेळ उभा होता.
पुढच्याच आठवड्यात त्याने नवी चकती कातायला घेतली.

पोरींना मी एकच गोष्ट शिकवली.
नळी कधी एकटी फिरवायची नाही.
समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी,
आणि नमुना एकच असला
तर समोर पाणी ठेवायचं, थेंबाथेंबाने तोलून.
पाण्याची तपासणी होत नाही,
नंतर ते मोरीत ओततात.
पण ते नसेल तर टेबल चालू लागतं.

आता मी पंचाहत्तरीची.
दवाखान्यात माझं रक्त काढलं,
खोकत खोकत ते छोटं यंत्र सुरू झालं.
आता वर्तमानपत्रात येतं, म्हणे
युरेनियमसुद्धा वायू करून फिरवतात,
तिथेही जड भिंतीकडे, हलकं मधोमध.
काय काय वेगळं करतात, देव जाणे.

मी नर्सला विचारलं,
माझ्या समोर कोण आहे?
तिला वाटलं मला भ्रम झालाय.
तिने हलक्या हाताने माझी चादर नीट केली.
मग झाकण उघडून बघितलं
आणि म्हणाली, पाणी आहे बाई,
नुसतं पाणी.

मी म्हणाले, बरोबर आहे.