उरलेले तीन

डिसेंबरात मुलुंडला थंडी येते
म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवरून
स्वेटर खाली येतो, डांबरगोळीच्या वासासकट,
आणि रामसजीवन वॉचमन कानटोपीतून हसतो :
हमारे गोंडा आइये मॅडम,
यहाँ तो बस पंखा बंद होता है.

तरी पहाटे पावणेपाचला
जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चावतो,
आणि पहिला किलोमीटरभर
दोन्ही गुडघे एकमेकांशी बोलत नाहीत.

बुटांची किंमत मी घरी अर्धी सांगितली.
कारणं मात्र भरपूर, ज्याला त्याला वेगळं :
ऑफिसात म्हटलं, साखर काठावर आहे.
लेकीला म्हटलं, मेडल हवंय.
ह्यांना म्हटलं, हंसाबेन एकट्या जायच्या नाहीत.
हंसाबेन गालांनी त्यांच्या घरी
नेमकं हेच माझ्याबद्दल सांगितलं होतं.

चार, मग सहा, मग आठ.
कोरगावकर सरांचा तक्ता फ्रिजवर,
दुधाच्या हिशेबाला लागून.
घाईत नजर चुकते :
मंगळवारी मी अर्धा लिटर धावले,
गुरुवारी खाडा.

धुकं म्हणतात त्याला, पण तो धूर.
मेट्रोच्या खांबांची धूळ,
कुणी तरी कचऱ्याला लावलेली काडी,
आणि वरून थंडीचं झाकण.
हायवेवरचे दिवे बलकासारखे,
बोट लावलं तर फुटतील असे.
परतल्यावर मी नाक शिंकरते
आणि रुमालावर अख्खा एलबीएस रोड.

अकरा किलोमीटरच्या आठवड्यात
हंसाबेनचा खोकला बसेना.
अडुळसा झाला, वाफ झाली, एक्सरे झाला.
डॉक्टर म्हणाले, संक्रांतीपर्यंत पळणं बंद.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला
त्या खाली हजर. बूट घातलेले, लेस बांधलेल्या,
वरून नवऱ्याची शाल.
रामसजीवनच्या खुर्चीत बसल्या,
त्याच्या शेगडीकडे पाय करून.
“तू जा,” म्हणाल्या. “मी इथे आहे.
घरी बोलली आहे, चालायला जाते.
दोन तास कोणी चहा मागणार नाही.”

मी काहीच बोलले नाही.
टोलनाक्यापर्यंत मी काहीच बोलले नाही
कुणाशी, म्हणजे स्वतःशीसुद्धा.

ऐरोलीच्या पुलावर वारा आडवा येतो.
डाव्या हाताला खाडी, अजून रंग न आलेली,
मागे मिठागरांचे चौकोन,
आणि चिखलात हलणारं काहीतरी फिकट :
आधी वाटलं प्लॅस्टिकच्या पिशव्या.
मग एकीनं मान वर केली.
नुसते उभे होते रोहित, एका पायावर,
दुसरा पाय पोटाशी धरून,
कुठे कुठून येऊन
आता काहीही न करता.
मी घड्याळ थांबवलं नाही,
पण पाय थांबले. चाळीस सेकंद.
तक्त्यात त्यांना रकाना नाही.

अठरा झाले त्या रविवारी.
शेवटचे दोन चालत-पळत,
जांघेत काच पडलेला,
ओठांवर मीठ, आणि रस्त्याकडेच्या नळाचं पाणी
इतकं थंड की दाताला कळ गेली.

फाटकाशी हंसाबेननी
डब्यातून अडदियाचा तुकडा काढला.
तूप गोठून पांढरं झालेलं.
“किती?”
अठरा.
“आणि बाकीचे?”
सर म्हणतात, ते सरावात धावायचे नसतात.
सगळ्यांचे तेवढे राहतातच.
त्या दिवशी जे असेल त्यावर.
“म्हणजे पाहिलेच नाहीत कधी?”
नाही.

त्यांनी जरा विचार केला, खोकल्या,
बोटाचं तूप शालीच्या काठाला पुसलं.
“असतील कुठे तरी,” म्हणाल्या,
आणि खुर्ची सरकवली
नुकत्याच आलेल्या उन्हात,
माझ्यासाठी पायरीवर
थोडी जागा राहील इतकी.