पाव फेरा

मान उतरवायची तर आधी तारा सैल करायच्या,
एकेक करून, जाडी पहिली.
मग पाठीमागचे चार स्क्रू.
हे मला फिलिप उजागऱ्यांनी शिकवलं.
दिवसा ओझरला विमानांच्या पत्र्यांना रिव्हेट,
संध्याकाळी शरणपूरच्या दीड खणात गिटारींची दुरुस्ती.

"चार तारा मिळून दोन मणांनी ओढतात हिला," ते म्हणायचे.
"लाकूड बिचारं किती वर्षं नाही म्हणेल?"

अगदी जुन्या काही बेसांत तर आत
फिरवण्यासारखं काही नसेच.
मान वाकली की वाकली,
मालक तारा उंचावरून दाबत म्हातारा व्हायचा.
मग कुणीतरी सळई घातली, सरळ नव्हे,
मुद्दाम बाक देऊन:
ताणली की ती सरळ होऊ बघते
आणि जाता जाता मानेला मागे रेटते.
खाच पाठीमागून, खाचेवर गडद लाकडाची पट्टी,
खारीला तीन असतात तशी हिला एकच रेघ.
नट मात्र बुडाशी, धडात दडवलेला.
म्हणजे पाव फेऱ्यासाठी सगळं खोला,
फिरवा, बसवा, तारा चढवा, सुरात आणा,
डोळा लावून बघा.
चुकलं? परत जाडी तार.

एका कंपनीने दोन सळया घातल्या,
हेअरपिनसारख्या दुमडून, शेजारी शेजारी.
तिथे आधी हातांनी मान वाकवायची,
नट नुसता टेकवायचा.
हे न कळलेल्यांनी नटालाच कामाला लावलं
आणि वरची फळी उचकटून बसले.
सत्तरीत नट शेंड्याशी आला, बंदुकीच्या गोळीसारखा.
उभ्या उभ्या किल्ली लावा, वाजवत राहा.
आता तर दोन्हीकडे ढकलणारी सळई मिळते,
पुढे म्हणाल तर पुढे, मागे तर मागे.
काकांनी ती हातात धरून उलटसुलट पाहिली होती,
म्हणाले, "हुशार आहे," आणि चहा मागवला.

यंदा डिसेंबरात, बागांवर धुकं बसलं
आणि द्राक्षवाले पहाटे फवारणीला निघत होते,
तेव्हा देवळालीहून जेरोम भालेराव आला.
आजोबांचा बेस, बासष्टचा,
विल्सन भालेरावांनी ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवलेला.
मानेला एवढा पोक की बाराव्या पट्टीखालून
माझी करंगळी गेली.

तारा सैल केल्या. चार स्क्रू.
नट फिरेना, मग फिरतच राहिला:
आटे गेले होते.

बुडाशी कारखान्याचा शिक्का, जवळजवळ पुसलेला.
त्याखाली शिसपेन्सिल, बारीक, ओळखीचं अक्षर:

पाव. धुकं होतं.
पाव, उलट.
विल्सनचं लग्न. नव्या तारा. अर्धा.
काही नाही. उगाच खोलली.

मी ती मान खिडकीशी नेली.
जेरोम मोबाइलवर होता.

सातपूरला लेथवर नवे आटे पाडून आणले,
जुनी पट्टी न फोडता काढली, त्यात तीन दिवस गेले.
"ताई, नवी सळई टाकताच आहात,
तर नट वरच घ्या ना," जेरोम म्हणाला.
"दरवेळी खोलायचं म्हणजे..."
मी म्हटलं, वर भोक पाडलं की शेंडा कमजोर होतो.
खोटं नाही ते.
पूर्ण खरंही नाही.

वरून नट फिरवता आला असता
तर काका आत कधी लिहिते?
पण हे एखाद्या गिऱ्हाइकाला सांगायचं कसं,
ज्याला शनिवारी नाशिकरोडला वाजवायचंय?

मान बसवण्याआधी पेन्सिल शोधली, बाकावर, खणात,
कानामागेच होती.
मोकळी जागा बोटभर.
खूप काही लिहायचं होतं, तारीखसुद्धा.
पाव, एवढंच लिहिलं.
आणि चार स्क्रू.