अवधाण

शमशुद्दीन होडेकर, गाव दाभोळ,
आता रास अल खैमाच्या बंदरावर जाळी सांधतो.
काडेपेटी घेऊन आला दवाखान्यात,
तीन खिडक्यांवर उघडून दाखवली.
पहिलीला वाटलं, काड्या संपल्यात.
दुसरीने विम्याचं कार्ड मागितलं.
तिसरीवरचा पोरगा वायनाडच्या डोंगरातला, भला,
पण आतलं ते पिवळट, करवतीसारखं हाड
त्याच्या कुठल्याच खाचेत बसेना.

मग माझं टेबल.
"शिंगाळा," तो म्हणाला. एवढंच.
माझ्या आत काहीतरी खटकन बसलं.

"काटा गेला बोटात, बाय, नि अवधाण आलं काखेत.
वाट चुकला काय?"

नाही चुकला, शमशुद्दीनभाई.
कातडीखाली एक पेशी असते, अंगभर फांद्या फुटलेली,
फांदीफांदीवर आकडे,
उपऱ्याच्या अंगावरची साखर चाचपून ओळखणारे.
काट्यावरचा जंतू तिने धरला, गिळला,
आत नेऊन त्याची चटणी केली.
तिथेच थांबली असती तर गोष्ट बोटातच संपती.
त्यातला एक तुकडा ती स्वतःच्या वाटीत ठेवते
(नुसता नाही चालत,
परक्याची खूण घरच्याच वाटीतून दाखवावी लागते)
आणि बोट सोडून निघते,
मनगट, कोपर, दंडाच्या आतल्या वाटेने.

काखेत ही गर्दी.
एकेकीपुढे वाटी धरते: तुझ्या ओळखीचं?
प्रत्येकीला जन्मापासून एखादाच आकार कळतो,
बाकी सगळ्याला ठार आंधळी.
हजार जणी हात लावून पुढे जातात.
एक थबकते.

मग एकीच्या दोन, दोघींच्या चार,
आणि तुम्हाला हे जे ठणकतंय ना,
ती त्यांची दाटी.

त्याने काख चाचपली, जरा आदराने.
"म्हणजे खबर पोचली."
पोचली. गोळ्या मात्र सात दिवस घ्यायच्या.

काडेपेटी तो विसरून गेला.
दुपार. एसीखालच्या बादलीत थेंब.
मी काटा उजेडात धरते.
श्रीवर्धनला आईच्या पाटीत हे मासे असायचे,
ती आधी काटे मोडायची, मग आम्हाला हात लावू द्यायची.
इथे दिवसभर हिंदी, इंग्रजी, मोडकं अरबी.
अकरा वर्षांत शिंगाळा म्हणायची वेळ आली नव्हती.
कुठे बसून होता हा शब्द इतके दिवस,
कोण वाटी घेऊन येईल याची वाट बघत,
काहीही न करता.