बारावा स्टड

टोलेडो, फेब्रुवारी. दवाखान्याची भिंत अजून
नुसत्या पत्र्याच्या बरगड्यांची.
प्रत्येकीला कारखान्यातूनच पाडून आलेलं भोक,
सगळी एका रेषेत यावीत म्हणून. येत नाहीत.
कुणीतरी एक स्टड उलटा उभा केलेला असतोच.

पत्रा चावतो, कोवाल्चिक म्हणतो,
आधी रिंग, मग वायर.
लाल प्लास्टिकची रिंग, टिच् करून बसते.
मी खिशात घेऊन फिरते मूठभर, चिंचोक्यांसारख्या.

वर एकशेवीस व्होल्टची, जाडजूड, आपल्याच तोऱ्यात.
खाली निळी, खाटेजवळच्या घंटीची.
दोघींना शेजारी निजवायचं नाही,
मोठीची गुणगुण धाकटीच्या कानात शिरते.
भेटल्याच तर काटकोनात, एकदाच.
ताणा आणि बाणा, मी म्हणाले.
त्याला कळलं नाही. मीही सांगत बसले नाही

की इचलकरंजीत अण्णा वहिफणीला होते,
चार हजार टोकं, एकेक डोळ्यातून ओवायची,
एक चुकलं की अख्ख्या ताग्यात रेघ,
आणि रेघेचे पैसे पगारातून.

इथे रेघ दिसत नाही.
दुपारी युसेबियोनं जिप्समचे बोर्ड चढवले,
गर्र, गर्र, आणि भिंत झाली.

रात्री पँट धुवायला टाकताना
खिशातून एक रिंग निघाली.
मोजून घेतल्या होत्या मी.

बारावा. तो उलटा.
तिथे भोक नव्यानं पाडलं, ड्रिलची बॅटरी संपली,
दुसरी आणायला गेले, आले ती वायर ओढतच.
निळीच.
आज वाजेल ती. वर्षभरही वाजेल.
दारं आपटतील, पत्रा कणाकणानं खात राहील,
मग एका पहाटे कुणीतरी बटण दाबेल
आणि दाबतच राहील.

सकाळी सहा, उणे अकरा.
गाडीची काच खरवडून पोचले, सांगितलं.
कोवाल्चिक काही बोलला नाही.
चुंबक भिंतीवरून सरकवत मोजत गेला,
बाराव्यावर पेन्सिलनं चौकोन काढला, पोस्टकार्डाएवढा.
बोललं ते युसेबियोनंच, स्पॅनिशमध्ये, बराच वेळ.

हात आत घातला. वायर शाबूत.
रिंग एका बाजूनं चिरून तिच्याभोवती बसवली. टिच्.
हात काढताना पत्र्यानं मनगट धरलं माझं,
बारीक लाल रेघ.

चौकोन लिंपला, घासला, उद्या रंगारी येतील.
पैसे कुणी कापले नाहीत.
कोवाल्चिकनं डब्यातून बँडएड दिलं,
त्यावर डायनोसॉर होते, नातवाचे.