थाप

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
फुटक्या गोणीतून घरंगळलेला हा कांदा,
सालाखाली काजळी धरलेला.
हैबतीकाका शेलार म्हणाले, "सडका कशाला, ताई?
चांगला घ्या ना."
मला काजळीच हवी होती.

महाप्याच्या लॅबमध्ये आता तिची तेरावी पिढी.
बटाट्याच्या अर्कावर, अठ्ठावीस अंशांत,
तिसऱ्या दिवशी बशी काळी होते:
लाखो बीजाणू, फुंकरीची वाट बघत.

पण ही डावीकडची बशी.
हिच्यातून मी एकच एन्झाइम काढून घेतलंय.
ते काही बांधत नव्हतं, काही पचवत नव्हतं,
फक्त पुढच्या प्रथिनाच्या पाठीवर
फॉस्फेटची थाप द्यायचं:
ऊठ. तुझी पाळी.
ते उठायचं, पुढच्याला उठवायचं,
आणि खूप आत, केंद्रकात, कुणीतरी उघडायचं
काळं होण्याचं पान.

थाप गेली.
बुरशी मेली नाही, एवढंच.
पांढरी, चपटी, धुतल्या पंचासारखी
काठापर्यंत पसरत राहते.
सूक्ष्मदर्शकाखाली दोन तंतू जवळ येतात,
इतके, की मी श्वास धरते,
आणि अंग चोरून निघून जातात
जिन्यात भेटलेल्या भाडेकरूंसारखे.

हैबतीकाका आता गोणी उचलत नाहीत.
मणका सरकल्यापासून नुसते मुकादम.
ट्रकच्या फाळक्याशी उभे,
ज्याची पाळी, त्याच्या खांद्यावर तळहात.
हमालीच्या वहीत या कामाला रकाना नाही.
मागे जावळीला गेले होते चार दिवस,
तर म्हणे टोळी होती, ट्रक होते, माल होता,
आणि अकरा वाजेपर्यंत सगळे
एकमेकांकडे बघत तंबाखू मळत होते.
सांगताना हसले.
थापही असेल.

जनुक परत बसवलेली बुरशी
रविवारी पेरली, तिसऱ्या बशीत.
आज गुरुवार.
साडेसात वाजलेत, बाहेर ठाणे-बेलापूर रोडवर
कंपन्यांच्या शेवटच्या बसेस सुटतायत.
झाकणावर तारीख लिहून
बशी दिव्यासमोर तिरकी धरते.
पांढरं.
अजून पांढरं.
काठाशी एक ठिपका,
काळा,
की माझ्याच मार्करची शाई?

अंगठ्याने पुसून बघते.